रेघ उमटल्यावर

गरोदर बाईच्या बोटाला बारीक सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडायचा आणि वीसेक मिनिटं थांबायचं. सिफिलिसची, म्हणजे लोकांच्या तोंडी ज्याचं नाव गरमी आहे त्या आजाराची तपासणी आता एवढी सोपी झाली आहे. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही एकाच पट्टीवर पाहता येतात. अवघड आहे ते रेघ उमटल्यानंतरचं. बाईला तिथल्या तिथे इंजेक्शन द्यावं, की तिचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून खात्री होईपर्यंत थांबावं? यवतमाळ जिल्ह्यात या प्रश्नाला अंतराचीही बाजू आहे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात उमरखेड एका टोकाला, वणी दुसऱ्या टोकाला. डोंगराळ पट्ट्यात कोलामांचे पोड, पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांचे तांडे. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळ शहरात. तिथे येऊन परत जायचं तर मजुरी करणाऱ्या बाईचा अख्खा दिवस जातो.

या वादाच्या दोन्ही बाजू पुऱ्या ताकदीने ऐकाव्यात म्हणून इथे दोन माणसं उभी केली आहेत. माणसं कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे आणि त्यांनी सांगितलेली माहिती खरी आहे. मामांचं आयुष्य यवतमाळात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून गेलं, आता ते निवृत्त आहेत. भाची झरी जामणी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे.

मामा : पट्टीवर रेघ दिसली की तू लगेच इंजेक्शन भरतेस, हे काही मला पटत नाही. पट्टी ही चाळणी आहे, बाई. चाळणीत अडकलं ते सगळंच खडे नसतात. हातात घेऊन बघावं लागतं. बघायच्या आधीच निकाल देणं म्हणजे घाई झाली.

भाची : मामाजी, मी निकाल देत नाही, औषध देते.

मामा : गावात दोन्ही एकच. डॉक्टरीणबाईने कमरेत दोन्हीकडे सुया दिल्या म्हणजे काय झालं असेल, याची चर्चा दुसऱ्या दिवशी नळावर होते. म्हणून म्हणतो, आधी खात्री कर. आमच्या टेबलावर व्हीडीआरएल व्हायची. रक्त गोठू द्यायचं, सिरम वेगळं करायचं, ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं. काचेवरच्या खळग्यात सिरम घेऊन त्यात अँटिजेनचा थेंब मिसळायचा, चार मिनिटं रोटेटरवर फिरवायचं आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. गुठळ्या दिसल्या तर रिॲक्टिव्ह. तिथेही थांबायचं नाही. तेच सिरम निम्मं-निम्मं पातळ करत जायचं, एकास दोन, एकास चार, आठ, सोळा. जिथवर गुठळ्या दिसतात तो आकडा म्हणजे टायटर. आजार आज जोरात आहे की जुना, निवलेला आहे, याचा अंदाज त्या आकड्यावरून येतो. तुझी पट्टी फक्त 'आहे' किंवा 'नाही' म्हणते.

भाची : पण तुमच्या त्या गुठळ्या सिफिलिसच्या जंतूमुळे होत नाहीत, हेही सांगा ना.

मामा : नाहीच होत. सांगतो की. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना हा वळ्यावळ्यांचा जंतू सापडला. त्याचं नाव ट्रेपोनेमा पॅलिडम. पुढच्याच वर्षी वासरमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्ताची तपासणी काढली. सिफिलिसने दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क ते वापरायचे, कारण त्यात जंतू ठासून भरलेले असतात. रक्तातली प्रतिद्रव्यं त्या जंतूला धरतात अशी त्यांची समजूत. थोड्याच काळात लक्षात आलं की निरोगी अवयवाचा अर्क घेतला तरी तपासणी तशीच चालते. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न या संशोधक बाईंनी बैलाच्या हृदयातून नेमका तो पदार्थ वेगळा काढला. तो कार्डिओलिपिन, एक स्निग्ध पदार्थ. आपल्या स्वतःच्या पेशींतही तो असतो. त्याच्याच जोरावर १९४६ मध्ये अमेरिकेत व्हीडीआरएल तयार झाली.

भाची : म्हणजे पेशींची मोडतोड दुसऱ्या कारणाने झाली तरी तुमचा रिपोर्ट रिॲक्टिव्ह येऊ शकतो. कुष्ठरोगात येतो, मलेरियात येतो, ल्युपसमध्ये येतो, कधी नुसत्या गरोदरपणातही येतो. अमरावतीला तपोवन, वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याला आनंदवन. कुष्ठरोगाचा एवढा इतिहास असलेल्या विदर्भात या एका तपासणीवर किती भरवसा ठेवायचा?

मामा : एकीवर ठेवूच नये. मी तेच तर म्हणतोय. अशा चुकीच्या रिॲक्टिव्हचा टायटर बहुधा कमी असतो, एकास आठच्या आत. मग टीपीएचए लावायची. ती थेट जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधते. दोन वेगळ्या जातीच्या तपासण्या एकमेकींना दुजोरा देतील तेव्हाच तोंड उघडायचं. हा आमचा शिरस्ता होता.

भाची : माझी पट्टी टीपीएचएच्याच जातीची आहे, मामाजी. तीही जंतूविरुद्धचीच प्रतिद्रव्यं बघते. कुष्ठरोगाने किंवा मलेरियाने ती सहसा फसत नाही.

मामा : पण ती विसरतही नाही! एकदा सिफिलिस होऊन बरा झाला तरी ती प्रतिद्रव्यं बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. पहिल्या बाळंतपणात इंजेक्शन घेऊन बरी झालेली बाई दुसऱ्या खेपेला तुझ्याकडे आली, तर तुझी पट्टी पुन्हा तीच रेघ दाखवणार. तू तिला पुन्हा सांगणार की तुला आजार आहे. ती नवऱ्याकडे बघणार, नवरा तिच्याकडे. बरा झालेला आजार तू पुन्हा तिच्या घरात नेऊन ठेवलास.

भाची : हा मुद्दा मला मान्य आहे. तिच्या कागदावर आधीच्या उपचाराची नोंद असेल, तर टायटर बघितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. पण नोंद नसेल तर? आधीच्या बाळंतपणाचं कार्ड हरवलेलं, माहेरी नोंदणी, सासरी प्रसूती, मधल्या काळात कामासाठी तिसऱ्याच जिल्ह्यात. मला तिच्याकडे आज जे आहे त्यावर ठरवावं लागतं. आणि आज तिच्याकडे दोनच गोष्टी असतात, पट्टीवरची रेघ आणि पोटातलं बाळ.

मामा : आठ दिवस थांबलं तर बाळ कुठे पळून जातं?

भाची : बाळ नाही, बाई जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत ती रोजी पाडून येते. पोडावरून पायी, मग मिळेल त्या गाडीने. तिला म्हटलं की तुझं रक्त यवतमाळला पाठवते, पुढच्या आठवड्यात ये, तर ती मान हलवते आणि जाते. तिला काही दुखत-खुपत नसतं. सिफिलिसची जखम दुखत नाही, आपोआप भरून येते. नंतरचं अंगावरचं पुरळही जातं. मग वर्षानुवर्षं बाहेरून काही दिसत नाही. ज्याचा त्रासच होत नाही त्या आजाराच्या रिपोर्टसाठी दुसरी रोजी कोण पाडेल? तिकडे पुसद, महागावकडचे मजूर दिवाळीनंतर तांडेच्या तांडे बाहेर पडतात. तुमचा रिपोर्ट येईपर्यंत बाई उसाच्या फडात असते.

मामा : ही अडचण व्यवस्थेची झाली, तपासणीची नाही.

भाची : बाळाला तो फरक कळत नाही, मामाजी. आईला हा आजार असेल तर जंतू वारेतून बाळापर्यंत जातो, गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात. उपचार झाला नाही तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांचा शेवट वाईट होतो. गर्भ पडतो, बाळ मेलेलं जन्मतं, दिवस भरायच्या आत किंवा कमी वजनाचं जन्मतं, नाही तर जन्मून काही दिवसांत जातं. काही बाळं जन्मताना चांगली दिसतात. काही आठवड्यांनी नाकातून रक्तमिश्रित पाणी वाहायला लागतं, तळहात-तळपायांवर पुरळ येतं, यकृत आणि प्लीहा वाढते. वाचलेल्या मुलांत पुढे बहिरेपण येतं, डोळ्यांची बुबुळं पांढुरकी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालचा जगाचा अंदाज दिला होता. त्या एका वर्षात ६ लाख ६१ हजार गर्भ आणि बाळं या आजाराच्या तडाख्यात सापडली. त्यातली २ लाखांहून अधिक पोटातच किंवा जन्मानंतर लगेच गेली.

मामा : आणि याला औषध एकच, पेनिसिलिन.

भाची : एकच. बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट. बारा-बारा लाख दोन्हीकडे. आजार नवा असेल तर एकदाच. जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीनदा. गरोदर बाईला दुसरं औषध चालत नाही. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत, एरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन बाळापर्यंत भरवशाने पोचत नाही. आणि हे इंजेक्शन प्रसूतीच्या निदान तीस दिवस आधी व्हायला हवं, नाही तर बाळाचा उपचार पुरेसा झाला असं धरता येत नाही. आता तुम्हीच हिशोब करा. बाई सातव्या महिन्यात पहिल्यांदा माझ्यासमोर आली. रक्त यवतमाळला गेलं, रिपोर्ट आला, आशाताई तिला शोधायला गेली, ती माहेरी गेलेली. तीस दिवसांची ती रेषा कधीच ओलांडली गेली.

मामा : पेनिसिलिनची रिॲक्शन येऊन बाई दगावली तर? ज्या बाईला आजारच नव्हता तिला?

भाची : जीवघेणी रिॲक्शन फार क्वचित येते. तरी ती येणारच असं धरून मी तयार असते. आधी विचारते, कधी सुईने त्रास झाला होता का. ॲड्रेनॅलिन हाताशी असतं. इंजेक्शननंतर अर्धा तास बाईला समोर बसवून ठेवते. या भीतीपोटी आपल्याकडे पेनिसिलिन द्यायलाच डॉक्टर कचरतात आणि बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून देतात. पाठवलेल्यांपैकी किती जणी खरंच पोचतात, हे विचारायला कोणी थांबत नाही. मी दोन चुका समोरासमोर ठेवून बघते. पट्टी चुकली आणि मी इंजेक्शन दिलं, तर बाईला दोन दुखऱ्या सुया जास्तीच्या बसल्या. पट्टी बरोबर होती आणि मी थांबले, तर एक बाळ गेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा सल्लाही हाच आहे. जिथे बायका परत येत नाहीत किंवा प्रयोगशाळा जवळ नाही, तिथे जागेवर तपासा आणि जागेवर औषध द्या.

मामा : थांब. दोन दुखऱ्या सुयांवर ती चूक संपत नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे. रक्तपेढीतलं उदाहरण घे. तिथे प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या कायद्याने होतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया. सिफिलिसचा जंतू फ्रिजमध्ये काही दिवसांपलीकडे टिकत नाही. तरीही आपण तपासतो, कारण ताजं रक्त द्यावं लागतं आणि प्लेटलेट तर फ्रिजबाहेरच ठेवाव्या लागतात. तिथे तपासणीला शंका आली की पिशवी बाजूला. चुकीची रिॲक्टिव्ह आली तरी एक पिशवी गेली. पिशवी टाकून देता येते, बाई. माणसाला टाकून देता येत नाही. पण घरचे टाकतात! तुझ्या चुकीच्या रेघेने बाई माहेरी पाठवली गेली, तर तिला पुन्हा नांदायला कोण नेणार? ती किंमत तुझ्या हिशोबात कुठेच नाही.

भाची : आहे. तीच किंमत मला रात्री झोपू देत नाही. पण मामाजी, तुमच्या दोन तपासण्यांनी तरी ती टळते का? खरोखर आजार असलेल्या बाईला टाकलं तर ते योग्य झालं का? रिपोर्ट बरोबर आल्याने अन्याय कमी होत नाही.

मामा : हं. हे खरं आहे.

भाची : बाईला रेघेमुळे टाकत नाहीत. रेघेबरोबर जे बोललं जातं त्यामुळे टाकतात. सगळ्यांना वाटतं की तपासणीने चारित्र्य सांगितलं. तुम्ही आयुष्यभर या तपासण्या केल्यात. तुम्ही सांगा, आजार कोणाकडून कोणाला गेला, हे व्हीडीआरएल सांगते का?

मामा : नाही सांगत.

भाची : कधी लागला, लग्नाआधी की नंतर?

मामा : नाही. टायटरवरून नवा-जुना असा अंदाज फक्त. तारीख नाही आणि माणूसही नाही. कुठलीच तपासणी सांगत नाही.

भाची : मग हेच मी बाईला पहिल्यांदा सांगते, आजाराचं नाव घेण्याच्याही आधी. दार लावून, आशाताईलाही बाहेर ठेवून. त्या एका खोलीसाठी मी भांडले आहे. तपासणीच्या रांगेत, चार जणींसमोर रिपोर्ट सांगितला, तर तुमच्या टीपीएचएनेही तिचं घर वाचणार नाही.

मामा : नवऱ्याचं काय करतेस? तो तसाच राहिला तर तुझं इंजेक्शन वाया. आज बरी केलेली बाई महिन्याभरात पुन्हा तेच घेऊन येईल. मी असतो तर सरळ युक्ती केली असती. रक्तगट बघायचा आहे म्हणून नवऱ्याला बोलावलं असतं, रक्त काढलं असतं, तपासणी केली असती. रक्तात दोष आहे सांगून सुई दिली असती. कोणाचं नाव नको, कोणाचं भांडण नको.

भाची : नाही, मामाजी. हे मी करणार नाही. अमेरिकेत अलाबामात टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे गरीब काळ्या माणसांवर अभ्यास चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना हेच सांगितलं होतं, तुमचं रक्त खराब आहे. आजाराचं नाव सांगितलं नाही. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही, कारण आजार पुढे कसा वाढतो ते बघायचं होतं. माणसं मेली, बायकांना आजार गेला, मुलांना गेला.

मामा : मी औषध द्यायचं म्हणतोय, रोखायचं नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

भाची : आहे, आणि तुमचा हेतू चांगलाच आहे. पण आजाराचं नाव न कळलेला नवरा पुढची इंजेक्शनं घ्यायला का येईल? निरोध का वापरेल? बाहेर कोणाशी संबंध असेल तर तिला उपचार घे म्हणून कसं सांगेल? शिवाय त्याच पट्टीवर एचआयव्हीची रेघ आहे. २०१७ चा एचआयव्ही कायदा सांगतो की माणसाला समजावून, त्याची संमती घेऊनच ही तपासणी करायची आणि निकाल गुप्त ठेवायचा. पट्टी एक, माणूस एक. एका रेघेला संमती आणि दुसऱ्या रेघेला लपवाछपवी, असं वागता येत नाही.

मामा : मग बाई 'माह्या घरी नका सांगू' म्हणाली की तू गप्प बसणार. नवरा तसाच. यात न्याय कुठे आहे? १८६८ साली इंग्रजांनी संसर्गजन्य रोगांचा कायदा आणला. त्यात सक्तीची तपासणी कोणाची होती? बायांची. त्यांना पकडून लॉक हॉस्पिटलात ठेवायचे. तो कायदा १८८८ मध्ये रद्द झाला. पण आजही तुझ्या केंद्रात सुई टोचली जाते ती बाईलाच. आजार ती एकटी कुठून आणते? मला विचारशील तर लग्नाआधीच दोघांची तपासणी सक्तीची करावी. मुलाचीही.

भाची : सक्ती केली की माणसं तपासणीपासून पळतात, किंवा पैसे देऊन कोरा रिपोर्ट आणतात. आणि लग्नाच्या दिवशी कोरा असलेला रिपोर्ट पुढच्या वर्षीची हमी देत नाही. आज लागण झालेल्या माणसाची तपासणी सुरुवातीचे काही आठवडे निगेटिव्हच येते, हे तुम्हीच मला शिकवलंत. माझ्या भागातल्या कुमारी मातांचं काय? झरी, मारेगाव, पांढरकवडा भागातल्या या पोरींचा प्रश्न वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येतो. बाहेरून येणारे पुरुष फसवून निघून जातात. त्यांच्यासाठी लग्नाचा दाखला आणि त्याआधीची तपासणी याला काय अर्थ? त्या पोरींना सगळ्यात आधी माझ्या खोलीत भीती न वाटता येता आलं पाहिजे.

मामा : मग पुरुषापर्यंत पोचायचं कसं, ते सांग. सक्ती नको, युक्ती नको, बाईचं नाव नको.

भाची : सगळ्याच पुरुषांना बोलवायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची विशेष तपासणी असते. रेघ उमटलेल्या बाईच्याच नवऱ्याला बोलावलं तर अख्ख्या गावाला कळतं. प्रत्येक गरोदर बाईच्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितलं की बाळासाठी आई-वडील दोघांचीही ही तपासणी होते, तर बोट कोणा एकीवर राहत नाही. आजाराचं नाव सांगून, त्याची संमती घेऊन त्याची तपासणी करायची. बाईच्या परवानगीशिवाय तिचा रिपोर्ट त्याला सांगायचा नाही. त्याचा स्वतःचा रिपोर्ट त्याला सांगायचा.

मामा : हे मला पटलं. यात न्यायही आहे आणि खोटंही नाही. पण बाई, ते येणार नाहीत. कास्तकाराला वावर सोडून बायकोसोबत दवाखान्यात यायची सवय नाही. आला तरी आशाताईसमोर या विषयावर तोंड उघडणार नाही. पुरुषाशी पुरुषाने बोलावं लागेल. तुमच्याकडे आरोग्य सेवक असतात ना? हिवतापाच्या रक्ताच्या काचा घेत गावोगाव फिरतात. त्यांना हे काम शिकवा. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि गुप्तरोगांवर उघडपणे लिहिलं. त्याला आता शतक होत आलं, अजून आपण बाईच्या कानात कुजबुजतो आणि बाप्याला काहीच सांगत नाही.

भाची : आरोग्य सेवकांचं मी खरंच करीन. आता माझी एक मागणी. तुमच्या प्रयोगशाळेचं काम मला हवंच आहे, पण वेगळ्या जागी.

मामा : कोणत्या?

भाची : इंजेक्शनच्या नंतर. तुम्ही खात्री झाल्यावर औषध म्हणता. मी म्हणते, औषध आज आणि खात्री त्याच्या मागोमाग.

मामा : मग माझी अट ऐक. इंजेक्शन देण्याच्या आधी, त्याच बैठकीत, बाईचं रक्त शिरेतून काढ आणि सिरम पाठव. इंजेक्शनच्या दिवशीचा टायटर हाताशी असेल तरच पुढे फरक कळेल. आज एकास बत्तीस असेल आणि काही महिन्यांनी एकास आठ आला, तर औषध लागू पडलं. चौपट उतरला पाहिजे. तुझी पट्टी हे कधीच सांगू शकणार नाही, ती बरी झालेल्या बाईलाही रेघच दाखवेल. बाळाचंही तेच. आईची प्रतिद्रव्यं वारेतून बाळात येतात, म्हणून बाळाला पट्टी लावून काही उपयोग नाही. आईचा आणि बाळाचा टायटर शेजारी ठेवून बघावा लागतो. बाळाचा आईच्या चौपट असेल तर बाळाला आजार आहे. चौपट नसला तरी बाळाला आजार नाहीच, असं त्यावरून म्हणता येत नाही. बाळाला तपासावं लागतं.

भाची : मान्य. रक्त आधी, मग इंजेक्शन. टायटर आला की तिच्या कागदावर. चुकीची रेघ होती असं तुमच्या टायटरने आणि टीपीएचएने दाखवलं, तर मी तिला स्वतः घरी जाऊन सांगीन. आणि मामाजी, तुमच्याही तपासणीला एक आंधळी जागा आहे. रक्तात प्रतिद्रव्यं फारच जास्त असली तर पातळ न केलेल्या सिरममध्ये गुठळ्याच बांधत नाहीत.

मामा : प्रोझोन. बरोबर. आजार सगळ्यात जोरात असतो तेव्हाच रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह दिसू शकतो. म्हणून पट्टी लागलेल्या बाईचं सिरम आलं की ते पातळ करूनच बघितलं पाहिजे, आणि त्यासाठी नमुन्याच्या चिठ्ठीवर तू तसं लिहायला हवं. तुझी पट्टी माझ्या तपासणीला सावध करते, माझी तपासणी तुझ्या पट्टीला दुरुस्त करते. आपण एवढा वेळ भांडलो ते कोण आधी यावर. तिथे तुझं म्हणणं मी मान्य करतो. औषध आधी.

भाची : आणि हे जमतं, हे दाखवून देणारे देशही आहेत, मामाजी. क्यूबाने २०१५ मध्ये, थायलंडने २०१६ मध्ये, श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला जाणारा एचआयव्ही आणि सिफिलिस रोखल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवली. मान्यतेसाठी एक लाख जिवंत जन्मांमागे जन्मजात सिफिलिस पन्नासाच्या वर जाता कामा नये. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यानेही हेच ध्येय घेतलं. श्रीलंका आपल्यापेक्षा श्रीमंत आहे म्हणून तिथे हे झालं नाही. प्रत्येक गरोदर बाई तपासली आणि तपासलेलीला सोडलं नाही, म्हणून झालं.

मामा : तपासलेलीला सोडलं नाही, हे महत्त्वाचं. तुमचा महिन्याचा अहवाल वर जातो त्यात काय ठळक असतं? किती जणींची तपासणी झाली. तो आकडा शंभर टक्के भरला की सगळे खूश. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे लिहायला लाव. रेघ उमटलेल्या किती जणींना त्याच दिवशी इंजेक्शन मिळालं. किती जणींचा टायटर पुढे खरंच उतरला. आणि किती नवऱ्यांनी उपचार पुरा केला.

भाची : तिसरा आकडा सुरुवातीला फार लहान असेल.

मामा : असू दे. लहान असला तरी लिहा, तो लपवला तर कधीच वाढणार नाही. मी आयुष्यभर रिपोर्टवर सही केली आणि तपासणी पूर्ण झाली असं समजलो. तुझ्या बाजूने बघितलं तर बाई बरी झाली, नवरा बरा झाला आणि बाळाचं रक्त तपासून झालं, की मगच ती पूर्ण होते. त्याआधी कोणीही 'तपासणी झाली' असं लिहू नये, मी नाही आणि तूही नाही.